अकरा फेऱ्या

नवापूर,
६ नोव्हेंबर १९६६

चि. रामकिसन,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. नसते तर पत्राऐवजी तार आली असती.

विमानतळावर तुला नवे टेबल मिळाल्याचे मावशीच्या पत्रातून कळले. विमानांना उशीर का होतो ते शोधायचे आणि तो होऊ द्यायचा नाही, असे काहीसे काम आहे म्हणे. शाळेत रोज प्रार्थना संपल्यावर पोचणारा मुलगा सरकारने बरोबर हेरला. उशिराची आतली माहिती तुझ्याइतकी कोणाला असणार?

मी तारापूरच्या अणुप्रकल्पाच्या भांडारात आहे तसाच आहे. वसाहतीतली घरे अजून कागदावर आहेत, म्हणून मी आणि साखरबाई नवापुरात कोळीवाड्याला लागून एक खोली घेऊन राहतो. संध्याकाळी कामावरून आलो की मी माळ घेऊन किनाऱ्यावर बसतो. समुद्र हा बीडकडच्या माणसाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर मिळालेला देवाचा प्रसाद आहे. पण हल्ली नामात व्यत्यय येतो. उत्तरेकडून एखादे विमान येते आणि पुढे मुंबईला जायचे सोडून आमच्या डोक्यावर गोल गोल फिरत राहते. एक थकून गेले की दुसरे येते.

कोणी म्हणतात, अणुभट्टीवर पहारा आहे. साखरबाईचे मत असे की ती प्रदक्षिणा घालतात. अणुदेवतेची अजून प्रतिष्ठापना व्हायची आहे, पण भक्त आतापासून येऊ लागले. माझ्याकडे घड्याळ नाही, म्हणून मी माळेवर मोजले. एका फेरीला बरोबर एक माळ होते. परवा एका विमानाने सहा माळा घेतल्या. एवढा जप मी एका बैठकीत क्वचितच करतो, तेव्हा तुझ्या खात्याचे माझ्यावर उपकारच आहेत.

गोजराबाईंची इंजेक्शने चुकत नाहीत ना? त्यांचे वजन कळव. ही विमाने इथे काय पाहतात तेही कळव.

तुझा
खंडेराव


विलेपार्ले, मुंबई,
१४ नोव्हेंबर १९६६

ती. दादांच्या चरणी नमस्कार.

तुमचे पत्र हिला वाचून दाखवले. प्रार्थनेची गोष्ट ऐकून ती इतकी हसली की खोकला आला. पुढच्या पत्रात बेताने लिहावे. डॉक्टर म्हणतात, क्षय आटोक्यात येतो आहे, पण इंजेक्शनांचा क्रम वर्षभर मोडता कामा नये आणि छातीचा फोटो दर दोन महिन्यांनी इथेच काढायचा.

नवे काम असे आहे. पूर्वी जे विमान येईल ते उतरायचे, आणि यायची सगळी एकदम. धावपट्टी एक आणि वर पाच जण घिरट्या घालत. आता प्रत्येक विमानाला उतरण्याची वेळ आधी राखून द्यायची, दर सहा मिनिटांनी एक. मी तक्ता केला, रंगीत पेन्सिलींनी. साहेबांनी तो भिंतीवर लावला. त्यांनी सांगितले की मार्चअखेर सरासरी उशीर दहा मिनिटांच्या आत आला तर माझे टेबल कायम. नाही आला तर आसामात एका विमानतळावर जागा रिकामी आहे, तिकडची हवा मला मानवेल.

दादा, हवा मला मानवेल हो. पण तिथे हिची इंजेक्शने कोण देणार? फोटो कुठे काढणार? तिला एकटीला इथे ठेवावे तर पाण्याची बादली उचलायची मनाई आहे. म्हणून सध्या मी देवाकडे फक्त दहा मिनिटे मागतो.

तुमच्याकडे फिरणारी विमाने लष्कराची असावीत. आमच्या तक्त्यात फिरण्याला जागा नाही.

आपला
रामकिसन


नवापूर,
२ डिसेंबर १९६६

चि. रामकिसन,

आशीर्वाद. लष्कराच्या विमानांना खिडक्यांवर रंगीत पडदे असतात हे मला माहीत नव्हते. फार खाली आले की दिसतात. परवा एकीतून एका लहान मुलीने हात केला. आपले लष्कर फार लहान वयात भरती करू लागले आहे.

इथल्या जिवल्या कोळ्याशी माझा स्नेह जमला आहे. जाळे विणता विणता तो वर पाहून म्हणतो, "भाऊ, त्याला खाली जागा नाय गावत काय?"

मी म्हटले, "लष्कराचे आहे. पहारा देते."

"पारा देणारा असा तोंड पाडून नाय फिरत. आमच्या होड्या भरती नसली का खाडीच्या तोंडाशी अशाच फिरायच्या. मंग म्हाताऱ्यांनी ठरवला, भरती कवा हाय ती सगळ्यांना ठावी हाय, तर दाराशी येऊन नाचायचा कशाला? जिथं हाय तिथंच जाळा टाकून बस. आता कोन लवकर निघालाच तर आमी त्याला सगळ्यांच्या मागून घेतो आन् वर हसतो."

मला वाटते, तुझ्या तक्त्याला एवढी एकच गोष्ट कमी आहे. इथे वेळ राखून ठेवली आणि तिकडून निघणाऱ्याला ती पाळायची सक्ती नसली, तर तो दाराशी येऊन नाचणारच. दिल्लीला जमिनीवरच थांबवले तर निदान प्रवाशाला चहा मिळेल. साहेबांना सांगून पाहा. जिवल्याचे नाव सांगू नकोस, सल्ला चांगला असून वाया जाईल.

मंगळवारी सात माळा, गुरुवारी नऊ. माझे पुण्य झपाट्याने वाढते आहे.

तुझा
खंडेराव


विलेपार्ले, मुंबई,
२० डिसेंबर १९६६

ती. दादांस नमस्कार.

आनंदाची बातमी आधी. हिचे वजन दोन पौंड वाढले. दुसरी अशी की नोव्हेंबरात सरासरी उशीर सव्वीस मिनिटे होता, तो या पंधरवड्यात चारवर आला. साहेबांनी मला समोर बसवून चहा पाजला. कपबशी त्यांच्या घरची होती.

जिवल्याचा सल्ला मी आपला म्हणून सांगितला. साहेब म्हणाले, "दिल्लीच्या विमानाला दिल्लीत थांबवायचे तर दिल्लीला लिहावे लागेल." एवढे म्हणून त्यांनी पुढची फाईल ओढली. मी विषय वाढवला नाही.

त्याऐवजी आम्ही नोंदीत सुधारणा केली. विमान आले असे कधी म्हणायचे, याचा पूर्वी कोणी नीट विचारच केला नव्हता. चाके टेकली की आले, असा एक अडाणी समज होता. आता वैमानिक ठरलेल्या खुणेवर पोचून बिनतारीवर बोलला की आम्ही आले असे लिहितो. पुढचे उतरणे हा तांत्रिक भाग. खूण कोणती ते विचारू नये, कार्यालयीन बाब आहे.

वहिनींना सांगा, त्यांनी पाठवलेले सुके बोंबील हिने दुरूनच पाहिले. बीडच्या नाकाला अजून सवय व्हायची आहे.

रामकिसन


नवापूर,
२८ जानेवारी १९६७

चि. रामकिसन,

आशीर्वाद. मंगळवारी इथे जे घडले ते तुझ्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

यंत्रे बसवण्याआधी पाया तपासायला एक परदेशी तज्ज्ञ येणार होते. त्यांचे विमान मुंबईला अकरा वीसला, तिथून मोटारीने संध्याकाळच्या आत इथे, अशी आखणी होती. हार, शहाळी आणि खुर्च्या ही जबाबदारी माझी. आमचे कमलाकांत साहेब सकाळपासून इस्त्री मोडू नये म्हणून उभेच होते.

अकरा वीसला आवारात चहाची घंटा होते. ती झाली आणि एक विमान डोक्यावर आले. आले ते फिरू लागले. शहाळी मोजून झाली होती, म्हणून मी खिशातली माळ काढली. साहेबांनी मुंबईला ट्रंककॉल लावला होता, तो दैवाने बाराच्या आत लागला. विमानतळावरून उत्तर आले, "विमान अकरा वीसला आले. वेळेवर."

"आले," साहेब सगळ्यांना म्हणाले. "आता मोटारीत बसले असतील."

विमान तेव्हा नववी फेरी घालत होते. एकूण अकरा झाल्या. मग ते दक्षिणेला गेले.

पाहुणे सहा वाजता पोचले, धुळीने माखलेले. हार घालून घेताना त्यांनी पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवून साहेबांना काही सांगितले. साहेबांनी मराठीत आणले ते असे, की ही शेड मी आज अकरा वेळा पाहिली, दुपारी मी इथेच होतो, मला दोरी सोडून खाली घेतले असते तर जेवण तरी मिळाले असते.

मी साध्या मनाने म्हटले, "साहेब, पाहुणे खरे सांगतात. अकराच फेऱ्या. मी मोजल्या आहेत."

"तुम्ही मोजल्या?"

"माळेवर. फेरीला एक. वेळकचेरीच्या घड्याळाशी ताडून पाहिले आहे, माळेला चार मिनिटे."

साहेबांनी ते टिपून घेतले. पाहुण्यांनी वर तक्रार केली आहे आणि तिच्यात माझ्या माळेचा उल्लेख आहे. आता तुमच्याकडे चौकशी होईल. कोण्या झोपाळू कारकुनाने अकरा वीस असे लिहिले असेल त्याला चांगले खडसावतील, आणि तुझ्यासारख्या मेहनती माणसाचे काम उठून दिसेल. मला तुझ्यासाठी समाधान वाटले.

खंडेराव


मुंबई,
२ फेब्रुवारी १९६७

दादा,

तो झोपाळू कारकून मी आहे.

ठरलेली खूण म्हणजे तारापूर. तुमच्या डोक्यावर आले की आमच्याकडे आले. पुढे अर्धा तास फिरो की तास, आमच्या नोंदवहीत ते केव्हाच येऊन घरी गेलेले असते. लष्कराचे म्हणून लिहिले तेव्हा मला ठाऊक होते. तुम्हाला खोटे लिहिण्याची ही पहिली वेळ, आणि तुम्ही नेमके त्या विमानाखालीच बसला होता.

चौकशी बसली आहे. नव्या नोंदीचा हुकूम आमच्या साहेबांनी तोंडी दिला होता. आज ते म्हणाले, "मी? मला तर तारापूर कुठे आहे तेही ठाऊक नाही." अक्षर माझे, सही माझी. तुम्हाला प्रश्नावली येईल. फेऱ्या सिद्ध झाल्या की आसाम ठरलेले. हिच्या इंजेक्शनांचे अजून पाच महिने बाकी आहेत.

फेऱ्या नीट मोजल्या नव्हत्या, असे लिहिता येईल का? सांगत नाही. विचारतो.

रामकिसन


नवापूर,
९ फेब्रुवारी १९६७

चि. रामकिसन,

प्रश्नावली रजिस्टर टपालाने आली. तीन प्रश्न. विमान पाहिले काय? किती वाजता पाहिले? पाहिले तेव्हा त्यास उशीर झाला होता काय?

दोन दिवस कागद देवापुढे ठेवला. साखरबाईने त्यावर हळद सांडली, तेव्हा तिसऱ्या दिवशी लिहावेच लागले. पहिल्याला लिहिले, होय. दुसऱ्याला, अकरा वीस, चहाच्या घंटेला. तिसऱ्याला, नाही, पाहिले तेव्हा वेळेवर होते. फेऱ्यांना रकाना नव्हता. मी तो आखला नाही.

सही करून आजच पाठवून दिले. त्यात एक अक्षरही खोटे नाही, आणि खरेही फारसे नाही. सरकारी कागद इतका निर्मळ लिहिता येतो हे मला या वयात कळले.

जिवल्याने विचारले, "भाऊ, आज माळ नाय आनली?" म्हटले, दोरा कच्चा झाला आहे. आणखी एक खोटे. हे बिनरकान्याचे.

गोजराबाईंना यातले काही सांगू नकोस.

खंडेराव


मुंबई,
१० फेब्रुवारी १९६७

दादा,

तुम्ही काहीही लिहू नका. लिहिले असेल तर खरे तेच लिहा.

माझे तुम्हाला गेलेले पत्र हिला सांगितले. सांगायचे नव्हते, पण आठ दिवस जेवण जाईना तेव्हा तिने खोदून काढले. ती उठून बसली आणि म्हणाली, "दादांच्या माळंवर माझी इंजेक्शनं नगंत मला. त्यांनी जलमभर एवढंच तर जमा केलंय." मग पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

आज सकाळी मी चौकशी अधिकाऱ्यांकडे लेखी जबाब दिला. खूण तारापूर, त्या विमानाच्या फेऱ्या अकरा, नोंदी माझ्या हातच्या, डिसेंबरपासूनच्या सगळ्या. साहेबांचे नाव घातले नाही, कारण तोंडी हुकुमाला अक्षर नसते. बाहेर आल्यावर पहिल्यांदा भूक लागली. कँटीनमध्ये दोन वडे खाल्ले.

आता जे होईल ते होवो.

रामकिसन


मुंबई,
२० मार्च १९६७

ती. दादांस नमस्कार.

निकाल लागला. बसून वाचावा.

चौकशी समितीपुढे दोन कागद आले. एक माझा जबाब, की मी खोट्या नोंदी केल्या. दुसरा तारापूरच्या एका निःपक्षपाती साक्षीदाराचा, की विमान अकरा वीसलाच आले होते, उशीर नव्हता. समितीने दोन्ही तोलून पाहिले. साक्षीदार प्रकल्पाचा जबाबदार कर्मचारी, धार्मिक वृत्तीचा, त्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नाही. त्याउलट मी घरच्या आजारपणाने खचलेला. अतिश्रमाने मनावर परिणाम होऊन निर्दोष माणूस स्वतःवर दोष ओढून घेतो, असे समितीतल्या एका डॉक्टरांनी सांगितले. पाहुण्यांना विमानाच्या सवयीअभावी चक्कर आली असावी, असे ठरले.

माझा जबाब माझ्या हिताखातर फाडण्यात आला.

शिवाय सरासरी उशीर फेब्रुवारीत शून्यावर आला होता, आणि तो आकडा दिल्लीला जाऊन पोचला होता. तिकडून शाबासकी आली. साहेबांना बढती. मलाही. ज्याने ही पद्धत बसवली त्यानेच ती इतरत्र बसवावी, असा हुकूम आहे. म्हणून मला एक एप्रिलपासून आसामातल्या त्याच विमानतळावर नेमले आहे. तिथे दिवसाला चार विमाने येतात. पैकी दोन पावसाळ्यात येत नाहीत. त्यांची गर्दी मी आवरायची आहे.

चुकलो असतो तरी आसाम, जिंकलो तरी आसाम. मधल्या मध्ये आपण दोघांनी एकाच आठवड्यात एकमेकांना वाचवले.

हसू येते, आणि मग ही खोकते. तिला तिकडे नेता येत नाही, इथे एकटी ठेवता येत नाही. विचारायला तोंड नाही, तरी विचारतो.

रामकिसन


नवापूर,
५ एप्रिल १९६७

चि. रामकिसन,

आशीर्वाद. हे पत्र तुला आसामात केव्हा मिळेल ते टपालखाते जाणे. त्यांच्याकडे अजून तुझी पद्धत पोचलेली नाही.

आधी माझे सांगतो. तुझे फेब्रुवारीतले दहा तारखेचे पत्र मिळाले त्याच दिवशी मी समितीला दुसरा कागद पाठवला होता. पहिल्या उत्तरात फेऱ्या राहिल्या, त्या अकरा होत्या, मी जपून मोजल्या, आणि रामकिसन माझा मावसभाऊ आहे. तो कागद महिनाभर तिकडच्या टेबलांवर फेऱ्या घालत असावा. परवा उत्तर आले: प्रकरण वेळेवर निकाली निघाले असल्याने आपल्या पत्राचा विचार करता येत नाही. खरे बोलायलाही राखीव वेळ असते, आणि माझी चुकली. तरी कागद गेला त्या संध्याकाळी माळ पुन्हा हातात घेतली. मणी ओळखीचे वाटेपर्यंत बराच वेळ गेला.

गोजराबाईंना इकडे पाठव, ही माझी तार तुला निघण्याआधी मिळालीच; आता व्यवस्था ऐक. प्रकल्पाच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरशी बोललो आहे. रोज सकाळी कामावर जाताना मी गोजराबाईंना घेऊन जाईन, इंजेक्शन तिथे होईल. दर दोन महिन्यांनी फोटोसाठी मुंबईला मी स्वतः नेईन. पाण्याच्या बादलीचे साखरबाईने आधीच जाहीर केले आहे, की घरातल्या बादल्या तिच्या नावावर आहेत.

काल आम्ही दोघे बोईसरला त्यांना उतरवून घ्यायला गेलो. गाडी पन्नास मिनिटे उशिरा होती. स्टेशनमास्तरने फळ्यावर खडूने पन्नास असेच लिहिले होते. बिचाऱ्याला बढतीची आशा दिसत नाही. जिवल्याही सामान उचलायला आला होता. गाडी बाहेरच्या सिग्नलपाशी येऊन उभी राहिली, धूर दिसू लागला. साखरबाई म्हणाली, "आल्या बाई एकदाच्या."

मी म्हटले, "थांब."

"आता काय थांबू? दिसतीय की गाडी."

"दिसू दे."

गाडी फलाटाला लागली. डब्याच्या दारात गोजराबाई ट्रंक कवटाळून उभ्या होत्या, पहिल्यापेक्षा बारीक. जिवल्याने ट्रंक घेतली, साखरबाईने हात दिला. त्यांनी एक पाय खाली टेकला, मग दुसरा, आणि दम घ्यायला क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. तेवढ्यात एक विमान डोक्यावरून वळले. त्यांनी मान वर करून पाहिले आणि मला विचारले, "दादा, हेच का ते?"

म्हटले, "हेच. मुंबईला केव्हाच पोचले आहे."

त्या हसल्या. खोकला आला नाही.

तुझ्या वहीत जागा असेल तर लिहून घे. स्टेशनच्या घड्याळात सहा वाजून चाळीस मिनिटे. दोन्ही पाय जमिनीवर. गोजराबाई आल्या.

तुझा
खंडेराव